अर्धी डिस्क मोकळी

मी पदवीधर झालो तो आईवडिलांच्या कष्टांमुळे. पण हातात घेतलेल्या कामाची भीती वाटावी आणि तरीही ते टाकून पळू नये, हे मला शिकवलं याकूब मुकादम यांनी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाप मिठागरावर, आई घरात आणि मिठागरावर दोन्हीकडे. अशा घरातून आलेल्या माणसावर पुष्कळांचे उपकार असतात. शाळेतल्या बाई, कॉलेजात असताना ठेवून घेणारे मामा, अशी बरीच नावं मी घेऊ शकतो. तरी पहिलं नाव मुकादमचाचांचंच.

पनवेलला उरण नाक्याच्या अलीकडे चपलांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर त्यांचा गाळा होता. पाटीवर फक्त ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ एवढंच. त्याआधी वीसेक वर्षं ते कुवेतला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात यंत्रांवर नजर ठेवायच्या खोलीत होते. गुडघा गेला म्हणून परत आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर आणि पेन्सिल, चष्म्याला नायलॉनची दोरी, गालात आल्याचा तुकडा. मशीन उघडलं की निघालेले स्क्रू ते बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवत, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. मध्ये कोणी बोललं तर हात वर करून थांबवत. उत्तर मात्र ट्रेचा खण भरल्यावर देत.

लहान असो, मोठा असो, ते सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणत. मला ते ‘पदवीधर’ म्हणायचे. आधी मला वाटलं थट्टा आहे. थोडी होतीच. पण दुकानात दुसरं कोणी बसलेलं असलं की ते त्याला सांगत, “हे घरत. गावातले पहिले ग्रॅज्युएट,” आणि तेव्हा आवाजात थट्टा नसायची.

गिऱ्हाईक आलं की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. मशीनला काय झालं हे ते नंतर विचारत. आधी विचारत, “यातलं काय गेलं तर परत मिळणार नाही?” उत्तर चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती मशीनच्या डोक्यावर चिकटवत. लोक वैतागत. रोडपालीचा एक बिल्डर एकदा गाडी खाली चालू ठेवून वर आला होता. काही नाही त्यात, सगळं पुसा, नवीन टाका, असं त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. चाचांनी चिठ्ठीवर ‘काही नाही’ असं लिहिलं आणि खाली सही करा म्हणाले. बिल्डरने पेन्सिल हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. मग खुर्चीवर बसला. ड्रायव्हरला फोन करून गाडी बंद करायला सांगितली. भावाचे फोटो होते त्यात. भाऊ आदल्या वर्षी पळस्प्याजवळ अपघातात गेला होता. चाचांनी जुनी चिठ्ठी फाडली, नवी लिहिली आणि एवढंच म्हणाले, “घाई खाली चपलांजवळ ठेवून यायची, जनाब.”

त्यांचा आणखी एक नियम होता. दुरुस्त झालेलं मशीन तीनदा बंद करून तीनदा चालू झाल्याशिवाय ते ‘झालं’ हा शब्द तोंडातून काढत नसत. एकदा एका क्लासवाल्याने मुलं खोळंबलीत म्हणून दुसऱ्यांदा चालू झालेलं मशीन उचललं आणि निघाला. चाचा दुखऱ्या गुडघ्याने जिना उतरून रस्त्यापर्यंत त्याच्या मागे गेले. परत आणलं, तिसऱ्यांदा चालू केलं. ते व्यवस्थित चालू झालं. क्लासवाला म्हणाला, बघा, उगाच तंगडतोड केलीत. चाचा म्हणाले, “हो. आज उगाच झाली.”

मी त्यांच्या दुकानात नोकरीला नव्हतो. माझी नोकरी टपाल नाक्याजवळच्या एका व्हिडिओ स्टुडिओत होती. मालक हरेश भगत, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. लग्नाचं शूटिंग ते स्वतः करत. कॅसेट मशीनमध्ये उतरवून घेणं, जोडणं, गाणी घालणं आणि सीडी काढणं ही कामं माझी. कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं आमचं कार्ड जुनं होतं. ते फक्त अठ्ठ्याण्णवच्या विंडोजवर चाले. नव्या विंडोजला ते ओळखच देत नसे. नवं कार्ड घ्यायला शेठ तयार नव्हते, कारण जुनं चालत होतं. अडचण आली ती डिस्कची. चाळीस जीबीची डिस्क खराब झाली आणि तेवढी लहान डिस्क बाजारात मिळेना. मिळाली ती दोनशे पन्नासची.

शेठनी मला ती डिस्क घेऊन चाचांकडे पाठवलं. चाचांनी तिच्यावरचा कागद मोठ्याने वाचला, मग मला वाचायला लावला. म्हणाले, सिस्टीम तुम्हीच टाका, हात बसेल. फक्त एक करा. डिस्कचे दोन भाग करा, एकशे वीसचा एक वापरा आणि दुसरा तसाच सोडून द्या.

मी म्हटलं, म्हणजे अर्ध्याहून जास्त डिस्क वाया?

“वाया नाही, मोकळी,” ते म्हणाले. मग खिडकीतून खाली उभी असलेली एक जुनी स्कूटर दाखवली. “तिच्या मीटरला पाच आकडे आहेत. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे एक किलोमीटर गेलात की काय दाखवील? शून्य. गाडी पुढे गेलेली असते, मीटर सुरुवातीला आलेलं असतं. ही जुनी सिस्टीम तशीच आहे. एकशे अठ्ठावीसपर्यंत तिला मोजता येतं. त्याच्या पुढे लिहायला लावलंत तर ती नाही म्हणणार नाही. पुढे लिहिलं असं तुम्हाला सांगेल आणि लिहील पहिल्या पानावर. पहिल्या पानावर काय असतं? कुठली फाईल कुठे ठेवली आहे त्याची यादी. ती गेली की सगळं गेलं.”

मला समजलं. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण पुढचं सगळं यावर आहे. मला पूर्ण समजलं होतं.

पण मिठागरावरच्या माणसाला अर्धी जागा रिकामी ठेवणं जमत नाही. घरी जेवताना मी बापाला सांगितलं तर तो हसला. “अर्धं आगर मोकलं ठेवून कोन मीठ पिकवतं?” दुसऱ्या दिवशी मी एका मित्राच्या नव्या मशीनवर ती डिस्क लावली, सगळी मिळून एकच भाग केला आणि मग तिच्यावर जुनी विंडोज टाकली. चालली. पडद्यावर दोनशे बत्तीस जीबी जागा दिसली. मला फार आनंद झाला. शेठ म्हणाले, “भारी काम केलंस, घरत.” चाचांनी विचारलं, झालं का? मी हो म्हटलं.

पाच महिने काहीच झालं नाही. मला वाटू लागलं, म्हातारे जरा जास्तच घाबरतात.

त्या मे महिन्यात रझियाभाभी आल्या. नवरा कुवेतला नोकरीत असतानाच वारला होता, मुलगी तीन वर्षांची असताना. आता त्या मुलीचा निकाह होता. भाभींनी दुपट्ट्यात गुंडाळून एक व्हिडिओ कॅसेट आणली होती. नवऱ्याच्या शेवटच्या सुट्टीत कोणा नातेवाइकाने घरात घेतलेली. त्या म्हणाल्या, “फोटोत चेहरा आहे त्यांचा. आवाज कुठेच नाही. हिला अब्बांचा आवाज आठवत नाही.” निकाहच्या आदल्या दिवशी मुलीला तो ऐकवायचा होता.

कॅसेटला बुरशी लागली होती. मी ती जमेल तेवढी पुसून लावली. बावीस मिनिटं उतरली आणि मग फीत यंत्रात गुंडाळली जाऊन तुटली, ती पुन्हा लावण्याजोगी राहिली नाही. म्हणजे आता तो माणूस फक्त आमच्या डिस्कवर बोलत होता. तेव्हाच त्याची सीडी काढायला हवी होती. मी म्हटलं, सगळी जोडणी झाल्यावर काढू. लगीनसराई होती, कामं तुंबली होती.

ज्या दिवशी दुपारी भाभी सीडी न्यायला येणार होत्या, त्या सकाळी शेठ उलव्याला एका हळदीच्या शूटिंगला गेले आणि जाताना दुसऱ्या एका लग्नाच्या कॅसेट माझ्यापुढे टाकून गेले. मी उतरवायला सुरुवात केली. नवरदेवाची वरात, जेवणाच्या पंगती, मग हॉलच्या दारावरच्या कमानीचा आठ-दहा सेकंदांचा तुकडा. पुढची चाळीस मिनिटांची कॅसेट यंत्रात घातली. ती चालू करायच्या आधी, भाभींचं काम पुरं करावं म्हणून त्यांच्या नवऱ्याची फाईल उघडली. तीन सेकंद तो माणूस दिसला. स्टुलावर उभा राहून ट्यूबलाइट लावत होता. मग चित्र थांबलं आणि ही फाईल वाचता येत नाही असा संदेश आला. दुसरी फाईल उघडली, तेच. डिस्क किती भरली ते पाहिलं. एकशे अठ्ठावीसच्या किंचित पुढे.

कोणाही ऑपरेटरला सुचेल तेच मला सुचलं. मशीन बंद करून परत चालू करावं. पण आधी चाचांना फोन लावला.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाग किती केले होते?”

मी म्हणालो, “दोन.”

मग ते सावकाश म्हणाले, “दोन असोत की एक. माउसला हात लावू नका. बंद करू नका. भिंतीतली वायर ओढून काढा.”

मी म्हटलं, असं मध्येच काढलं तर डिस्क खराब होईल ना?

“पदवीधर, वायर.”

मी वायर ओढली. पंखा थांबला. फोन कानालाच होता. ते म्हणाले, आता कोणालाही हे मशीन चालू करू देऊ नका. चालू झालं की ते स्वतःच तपासणी करील, चुकीच्या यादीवरून दुरुस्ती करील आणि उरलंसुरलं पुसून टाकील. डिस्क काढा आणि रिक्षाने घेऊन या. मांडीवर ठेवून आणा.

दुपारचा एक वाजत होता. चाचांनी डिस्क हातात घेतली, नेहमीसारखा तिच्यावरचा कागद वाचला आणि आपल्या नव्या मशीनला जोडली. नव्या सिस्टीमला पुढचे आकडे मोजता येत होते. त्यांनी पडद्यावर पाहिलं. एकच भाग होता. त्यांनी तो पाहिला आणि मी त्यांना पाहताना पाहिलं. आल्याचा तुकडा या गालातून त्या गालात गेला.

मग मला समजावलं. यादी एक नसते, दोन असतात. पहिली आणि तिच्या लगेच मागे तिचीच नक्कल. कमानीच्या त्या आठ-दहा सेकंदांनी पहिलीवर लिहिलं होतं. कुठपर्यंत लिहिलं, ते माहीत नव्हतं. नकलेपर्यंत पोचलं नसेल तर सगळं मिळेल. चाळीस मिनिटांची कॅसेट चालू केली असती तर विचारायचं कारणच उरलं नसतं.

पण ते लगेच पाहायला तयार नव्हते. आधी अख्ख्या डिस्कची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची, जे करायचं ते त्या प्रतीवर. मूळ डिस्कला हात लावायचा नाही. प्रतीला पाच तास लागणार होते. मी म्हटलं, चाचा, पाच मिनिटं बघून तर घेऊ. ते म्हणाले, “बघताना हात चुकला तर? तुमचा नाही, माझा.”

पडद्यावर टक्के सरकत होते. सहा, सात. मी बाकावर बसून होतो. शेठचे दोन फोन आले, मी घेतले नाहीत. तीनच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली आणि रझियाभाभी वर आल्या. स्टुडिओ बंद दिसला म्हणून शेजाऱ्याला विचारून आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, मग उघडं मशीन पाहिलं.

मी काहीतरी सांगणार होतो. थोडा उशीर होईल, लाइट गेली होती, असलं काही. चाचा आधी बोलले. “भाभी, बसा. तुमच्या मियांची फाईल या डिस्कवर होती. डिस्क बिघडली आहे. आवाज गेला असेल, नसेलही. सहा वाजता कळेल. त्याआधी मी तुम्हाला गेला म्हणणार नाही आणि आहेही म्हणणार नाही.”

भाभी बसल्या. रडल्या नाहीत. पर्स मांडीवर घट्ट धरून त्या टक्क्यांकडे पाहत राहिल्या. एकदाच म्हणाल्या, “कॅसेट माझ्या कपाटात सोळा वर्षं होती. तिथेच बरी होती.” हे त्या कोणाला उद्देशून म्हणाल्या नाहीत, पण मी तिथे बसलो होतो.

बऱ्याच वेळाने चाचा कुवेतची एक गोष्ट बोलले. त्यांनी ती त्याआधी कधी सांगितली नव्हती आणि नंतरही सांगितली नाही. एका मल्याळी सोबत्याच्या मशीनवर त्यांनी नवी सिस्टीम टाकली होती. त्यात ठेवण्यासारखं काही आहे का, हे विचारलं नव्हतं. मशीनमध्ये त्याच्या मुलीने लिहिलेली दोन वर्षांची पत्रं होती. सोबती भांडला नाही. फक्त त्यानंतर जेवायला दुसऱ्या टेबलावर बसू लागला. चाचा म्हणाले, “म्हणून मी आधी विचारतो.” भाभींनी मान हलवली.

सहाला पाच कमी असताना प्रत पुरी झाली. चाचांनी चष्मा पुसला. नक्कल यादी उघडली, खालपर्यंत तपासली, परत वर गेले, परत खाली आले. ती शाबूत होती. मग त्यांनी ती पहिलीच्या जागी बसवली आणि फाईल उघडली.

ट्यूबलाइट. स्टूल. तीन सेकंद झाले. चार. पाच. आणि तो माणूस खाली पाहून म्हणाला, “धर ना नीट. हलवू नको गं.” खालून एका लहान मुलीचं हसणं ऐकू आलं.

भाभींनी पदर तोंडाला लावला आणि हातानेच खूण केली, चालू राहू दे. आम्ही बावीस मिनिटं तिथे बसून राहिलो. चाचांनी एकामागून एक तीन सीड्या काढल्या, तिन्ही वाजवून पाहिल्या, मगच त्यांच्या हातात दिल्या.

त्या जिना उतरल्या आणि शेठ चढले; काय झालं ते त्यांना भाभींकडून जिन्यातच कळलं होतं. ओरडले नाहीत, पण चेहरा लाल होता. “मला खरं सांग, घरत. कोनी केलं हे? ती बाई गावभर सांगेल ना. उद्या माझ्याकडे कोन लग्नाचं काम दील?” मला तेव्हाच कळलं की नोकरी गेली. बापाला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो.

चाचा स्क्रू ट्रेमधून उचलत होते. मान वर न करता म्हणाले, “चूक माझी आहे, भगतशेठ. जुन्या सिस्टीमवर मोठी डिस्क कशी लावायची ते मी यांना नीट सांगितलं नाही. मी सांगितलं तेवढं यांनी केलं.”

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

एवढंच झालं. मी एक शब्दही बोललो नाही. नोकरी राहिली. दोन वर्षांनी त्याच अनुभवावर मला महाप्याला सर्व्हर सांभाळायची नोकरी मिळाली आणि आज माझं जे काही आहे ते तिथून आहे. शेठनी मात्र चाचांकडे मशीन पाठवणं बंद केलं. पनवेलमधल्या बाकी स्टुडिओवाल्यांनाही सांगितलं, म्हातारा आता काय सांगतो त्याचं त्यालाच कळत नाही. एकेक करून तेही कमी झाले. चाचांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. मी गेलो की पूर्वीसारखंच “या, पदवीधर” म्हणत. खुर्ची पुढे करत.

मी महाप्याला लागलो त्याच वर्षी दुकान आवरून ते म्हसळ्याला मुलीकडे निघाले तेव्हा मी सामान उतरवायला गेलो होतो. गाळा रिकामा झाला होता, भिंतीवर कपाटाच्या जागी पांढरा चौकोन उरला होता. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून त्यांनी दुखरा पाय दोन्ही हातांनी आत घेतला. मग काच खाली करून विचारलं, “काही बोलायचं राहिलंय का?”

मी म्हटलं, नाही चाचा. सांभाळून जा.

त्यांनी मान हलवली. टेम्पो उरण नाक्यावरून वळला.

त्यानंतर सात वर्षांनी मी त्यांना हे पत्र पाठवलं.

*

आदरणीय मुकादमचाचांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही त्या दिवशी शेठना सांगितलंत की तुम्ही मला नीट सांगितलं नव्हतं. तुम्ही नीट सांगितलं होतं. मला समजलंही होतं. अर्धी डिस्क सोडवेना म्हणून मी सगळी घेतली. फोनवर मी दोन भाग म्हणालो, तेही खोटं होतं आणि ते तुम्ही पडद्यावर पाहिलंत.

मी गप्प राहिलो कारण नोकरी जाईल अशी भीती होती. पहिल्या दिवसापुरती ती भीती खरी होती. नंतरची नऊ वर्षं तसं काही कारण नव्हतं. सवय झाली होती.

काल मी भगतशेठकडे गेलो होतो. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी त्यांच्याबद्दल काय काय बोललो, तुला म्हायती हाय ना?” मी म्हटलं, हो. त्यांनी तुमचा पत्ता मागितला. मी दिला आहे. ज्यांची नावं मला आठवली त्या बाकी स्टुडिओवाल्यांकडेही मी जाऊन आलो. दोन दुकानं बंद झाली आहेत. उरलेल्या दोघांना सांगितलं. एकाला तुम्ही आठवत होतात, दुसऱ्याला नाही.

याने तुमचं दुकान परत येत नाही, हे मला कळतं.

रझियाभाभींनाही सांगितलं. चूक तुमची नव्हती, हे त्यांना त्या दुपारीच कळलं होतं म्हणाल्या. माझ्या तोंडावरून.

उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. मी रविवारी सकाळच्या एसटीने म्हसळ्याला येतो आहे. हे तुमच्यासमोर बसून तोंडाने सांगायचं आहे. तुम्ही भेटायचं नाही म्हणालात तर स्टँडवरूनच परत फिरेन. पण येईन.

आपला,
महेश घरत